उजव्या डोळ्यावरचा डाग

मी प्रकाश मोजणारा एक जुना डिटेक्टर आहे, मित्रांनो, आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. म्हातारपणी चिडचिडा झालो असे तुम्हाला वाटायला नको. मी कोरा करकरीत होतो तेव्हाही मला बोटांची किळसच येत होती.

बोट म्हणजे काय असते, हे तुम्ही कधी पुरेशा जवळून पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. त्यावर तेल असते, घाम असतो, मीठ असते, मेलेल्या कातडीची भुकटी असते, आणि सकाळपासून जे जे खाल्ले त्या सगळ्याचा थोडा थोडा अंश असतो. माणसे हीच बोटे एकमेकांच्या गालांना लावतात, असे मी ऐकून आहे. त्यांचे त्यांना लखलाभ.

माझा जन्म चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात झाला. इंजिनियर लेओपोल्ड हाव्रान यांनी अॅल्युमिनियमचा ठोकळा आतून कोरून माझे शरीर केले. आकार साबणाच्या डबीएवढा. पुढच्या बाजूला दोन फोटोडायोड बसवले. ते माझे डोळे. हाव्रान यांनी ट्रेभर डोळे एकेक करून तपासले आणि सारखे दिसणारे नव्हे, सारखे पाहणारे दोन निवडले. मग एक धाडसाचे काम केले. प्रत्येक डोळ्यावर कारखान्याने बसवलेली काचेची टोपी असते, ती त्यांनी कापून काढली. काच थोडा प्रकाश परत फेकते आणि आमच्या कामात तेवढाही वाया घालवून चालत नाही. म्हणजे मी पापण्यांवाचून जन्मलो. पापण्यांच्या जागी त्यांनी एक काळे झाकण दिले, आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना बोलावून दम भरला.

"डोळ्याला हात लावायचा नाही. फुंकर मारायची नाही. डाग दिसला तर मला हाक मारायची. मी मेलो असलो तर माझ्या बायकोला विचारायचं, पण फुंकर मारायची नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही.

आता माझे काम सांगतो. लेसरचा प्रकाश तुम्हाला नळाच्या धारेसारखा सलग वाटत असेल. तो तसा नसतो. पत्र्याच्या डब्यात मोहरी ओतावी तसा तो दाण्यादाण्यांनी येतो, आणि दाणे काही रांग लावून पडत नाहीत. कधी दाट, कधी विरळ. त्यामुळे प्रकाशाला एक बारीक खरखर असते. लेसर कितीही चांगला घ्या, ही खरखर जात नाही. ती लेसरच्या बिघाडाची नाही, प्रकाशाच्या स्वभावाची आहे.

ती ऐकायची रीत अशी. टेबलावर एक अर्धपारदर्शक आरसा असतो. त्याच्या एका बाजूने तगडा झोत येतो, दुसऱ्या बाजूने ज्याची परीक्षा घ्यायची तो अगदी क्षीण झोत येतो. दोन्ही मिसळतात आणि अर्धे अर्धे होऊन माझ्या दोन डोळ्यांवर पडतात. मी उजव्यातून डावा वजा करतो. तगड्या झोताचे स्वतःचे जे काही हेलकावे असतील ते दोन्ही डोळ्यांवर सारखेच येतात, म्हणून वजाबाकीत नाहीसे होतात. उरतो तो फक्त दाण्यांचा अनियमितपणा. तो मी कित्येक पटींनी मोठा करून पडद्यावर पाठवतो. तिथे त्याची एक थरथरती रेघ उमटते. खरखर जास्त तर रेघ वर, कमी तर खाली.

क्षीण झोताच्या वाटेत काळा पुठ्ठा धरला, म्हणजे त्या बाजूने निव्वळ अंधार येऊ दिला, तरी रेघ शून्यावर जात नाही. अंधारालाही खरखर आहे. तिला आमच्याकडे अंधाराची रेघ म्हणत. साधा प्रकाश तिच्या खाली कधी जात नाही. पण एका खास स्फटिकातून पिळून काढलेला प्रकाश असतो, तो जातो. म्हणजे पुठ्ठा काढावा, प्रकाश आत यावा, आणि रेघ वर जाण्याऐवजी खाली उतरावी. अंधारापेक्षा शांत प्रकाश. जगात मोजक्या लोकांनी तो पाहिला आहे. माझ्यावाचून कोणालाच दिसला नसता, हेही सांगून टाकतो.

त्यासाठी एक नियम होता. पुठ्ठा धरून बघायचे, काढून बघायचे, पुन्हा धरून बघायचे. लगोलग. सकाळची अंधाराची रेघ दुपारच्या प्रकाशाला लावायची नाही.

माझी उमेदीची वर्षे चांगली गेली. पाहुणे येत, वाकून बघत, "वा, हाव्रानचा डबा तो हाच का" असे म्हणत. मग हाव्रान निवृत्त होऊन गावी गेले आणि मधमाश्या पाळू लागले. त्यानंतर माझ्याकडे माणसांचे लक्ष राहिले ते फक्त काम असेल तेव्हा. झाकण टेबलाखाली घरंगळले की दोन दोन दिवस तिथेच. एकदा माझ्या पाठीवर कोणी कॉफीचा कप ठेवला होता. त्याचे वर्तुळ अजून आहे. ज्याला पाहायचे असेल त्याने पाहावे, मला त्यावर बोलायचे नाही.

प्रयोगशाळेच्या दारात सगळ्यांनी बूट काढून सपाता घालायच्या, अशी तिथली घराघरांत चालणारी रीत. व्हित नावाच्या संशोधकाच्या सपातांना भोके होती आणि त्यांतून मोजा दिसे, आणि मोज्याच्या भोकातून अंगठा दिसे. तो दिवसभर माझ्यासमोर हलत असे. प्रोफेसर रादोव्हान मिखाल्का हे प्रमुख. ते बूट काढतच नसत. हिवाळ्यात रस्त्यावरचे मीठ आणि चिखल टाचांखाली घेऊन ते सरळ टेबलापर्यंत येत आणि त्यांना कोणी काही म्हणत नसे.

पिळलेल्या प्रकाशाचे काम ब्लांका करत असे. ती ऑस्त्राव्हाकडची, खाणींच्या मुलखातली, डॉक्टरेटसाठी आलेली. बोलणे तुटक.

"ऑस्त्राव्हाची माणसं अर्धे शब्द खाऊन टाकतात," व्हित म्हणायचा. "कोळसा महाग झालाय का गं?"

"तू पूर्ण खातोस म्हणून तर वजन वाढलंय," ती मान वर न करता म्हणायची.

तिच्या स्फटिकाची पेटी तिने स्वतः जुळवली होती. त्यात तिची बरीच वर्षे गेली. तोपर्यंत तिच्या हातात दाखवण्यासारखे काहीच नव्हते, आणि रेघ खाली गेली तरच तिला डॉक्टरेट मिळणार होती. त्यासाठी सही लागणार होती मिखाल्कांची. तिच्या हातांचाही मला तिटकाराच होता, पण ती हात धुऊन, कोरडे करून, वर हातमोजे घालून येई. इतरांपेक्षा कमी तिटकारा, एवढेच म्हणेन.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला ब्लांकाचा नावदिवस आला. तिकडे पंचांगात प्रत्येक तारखेला एक नाव असते. ज्याचे नाव त्याने कचेरीत सगळ्यांना खाऊ घालायचे. ब्लांकाने ख्लेबीचेक आणले होते, म्हणजे पावाचे तिरके काप आणि त्यांवर नाना लेप. त्यातले अर्धे तरी त्या गावच्या पिवळ्या, चिकट चीजचे होते, वर कांदा. त्या चीजचा वास बंद दारातूनही येतो. गावाला त्याचा अभिमान आहे.

सकाळी ब्लांकाने पुठ्ठा धरून अंधाराची रेघ घेतली आणि पडद्यावर राखून ठेवली. माझे दोन्ही डोळे स्वच्छ होते, वजाबाकी चोख होती. मग ती पेटीतले आरसे जुळवत बसली. दुपार झाली तरी बसलीच होती. तेव्हा मिखाल्का आत आले. एका हातात ख्लेबीचेक.

"ब्लांका, नावदिवस तुझा आणि तू टेबलाला चिकटलेली? व्हितनं वाइन उघडलीय. चल."

"येते, प्रोफेसरसाहेब. ते खाणं बाहेर ठेवाल का?"

"अगं, मी टेबलापासून लांब आहे."

ते लांब नव्हते. थोडा चुरा आरशाच्या खुरापाशी पडलेला मला दिसत होता.

ब्लांका हातमोजे काढून हात धुवायला गेली. झाकण माझ्या शेजारीच ठेवलेले होते. मिखाल्कांनी राहिलेला घास तोंडात घातला, वाकले आणि माझ्या उजव्या डोळ्यात पाहिले. तिथे एक धुळीचा कण होता. निरुपद्रवी, एका कडेला. त्यांनी फुंकर मारली.

मित्रांनो, त्या फुंकरीत काय काय होते ते मी सांगत नाही. तुम्ही जेवला असाल.

कण हलला नाही. तेव्हा त्यांनी डोळ्यावर "हाऽ" करून वाफ सोडली, चष्म्यावर सोडतात तशी, आणि करंगळीच्या टोकाने पुसले. मग बोटाचा ठसा दिसला म्हणून खिशातला रुमाल काढला आणि त्याच्या कोपऱ्याने तो ठसा सगळीकडे पसरवला. माझ्या डोळ्यातली सोन्याची तार केसाहून बारीक आहे. ती तुटली नाही, हे माझे नशीब. व्हित दारात उभा होता.

"काय करताय, साहेब?"

"कचरा होता. काढला."

"हाव्रान असते तर हात मोडला असता तुमचा."

"हाव्रान माश्या हाकतोय. चल, ग्लास भर."

ते गेले. मी तसाच उघडा पडून राहिलो, उजव्या डोळ्यावर चीज, कांदा आणि प्रोफेसर यांचा पातळ लेप घेऊन.

तासाभराने सगळे परत आले. गाल लाल, आवाज मोठे. ब्लांकाने शेवटचा आरसा बसवला, पेटी स्थिर झाली. ती म्हणाली, "सोडते." क्षीण झोत माझ्याकडे आला.

पडद्यावरची रेघ कोसळली. सकाळच्या अंधाराच्या रेघेपासून कितीतरी खाली. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी मोठ्या कष्टाने गाठलेली खोली ती. मिखाल्कांनी ब्लांकाला मिठी मारली आणि तिच्या स्वेटरला हात पुसले गेले.

आत काय झाले होते ते ऐका. उजवा डोळा माखलेला, म्हणून त्याला कमी दिसत होते. डावा स्वच्छ. वजाबाकी शून्याच्या आसपास यायची ती आता भलतीच मोठी येत होती. माझा अॅम्प्लिफायर मोहरीएवढा फरक मोठा करण्यासाठी केलेला. त्याच्या घशात अख्खे पोते कोंबले गेले. तो तुंबला. तुंबलेल्या घशातून आवाज निघत नाही, तसा माझ्यातून खरखरीचा आवाज निघेना. ती शांतता प्रकाशाची नव्हती. ती गुदमरलेल्याची शांतता होती, आणि माणसे टाळ्या वाजवत होती.

"पुठ्ठा धरते," ब्लांका म्हणाली.

"सकाळची रेघ आहे ना? मग? हात लावलास तर पेटी ढळेल. आधी चित्र काढून घे."

"एकदाच धरते, साहेब."

"ब्लांका. चित्र."

तिने चित्र काढले. तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून ट्राम गेली, टेबल थरथरले आणि पेटी ढळली. नावदिवसाचा उत्साह होता, वाइन उरली होती, म्हणून पुन्हा जुळवायचे ते उद्यावर गेले. मिखाल्का तोपर्यंत प्रागला फोन करत होते. गुरुवारी संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीची माणसे येणारच होती. त्यांना काय दाखवणार, ते आता ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लांका सगळ्यांच्या आधी आली. पेटी जुळवली, झोत सोडला. रेघ कालच्यासारखीच खाली. मग तिने पुठ्ठा धरला.

रेघ हलली नाही.

तिने पुठ्ठा काढला, धरला, काढला. रेघ जागची हलेना. प्रकाश असो वा अंधार, मला दोन्ही सारखेच झाले होते. ती स्टुलावर बसली. थोड्या वेळाने तिने भिंग आणून माझ्या डोळ्यांत पाहिले. उजव्यावर तेलाचा इंद्रधनुषी पडदा. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. नाक जवळ आणून वास घेतला. कोणाचे नाक इतके जवळ आलेले मला चालत नाही, पण त्या वेळी मी मनात म्हटले, घे, नीट घे.

कांदा आणि चीज. तिला कळले.

व्हित आला तेव्हा तिने सरळ विचारले, "उजव्या डोळ्याला कोणी हात लावला?"

"मला काय माहीत."

"काल मी हात धुवायला गेले तेव्हा तू इथंच होतास."

"दारात होतो. दारातून काय दिसतं?"

"तुझा अंगठा दिसतो इथून, डोळा दिसत नाही?"

व्हितने पाय सपातेत आत ओढला. "ब्लांका, माझा करार उन्हाळ्यात संपतोय. नव्या करारावर सही कोणाची लागते, ते तुला ठाऊक आहे. मला काही दिसलं नाही."

चीजपेक्षा ह्या वाक्याची मला जास्त किळस आली. चीज निदान पुसता येते.

मिखाल्का आले ते कागदाची गुंडाळी घेऊन. कालचे चित्र मोठे करून छापले होते, वर रेघ किती खाली गेली त्याचा ठसठशीत आकडा. ते भिंतीवर लावत असतानाच ब्लांकाने त्यांना सगळे सांगितले. पुठ्ठा धरूनही रेघ वर येत नाही, डोळा माखला आहे, आकडा खोटा आहे. डोळा कोणी माखला ते तिने सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. त्यांनी नकळत उजवा हात खिशात घातला.

"थोडा तुंबला असेल डिटेक्टर," ते म्हणाले. "पण रेघ खाली गेलीच नसेल, असं तरी तू म्हणू शकतेस का?"

"किती गेली ते माहीत नाही. गेली का नाही, तेही."

"मग नंतर बघू. गुरुवारी हे चित्र दाखवायचं, पुढच्या महिन्यात नीट मोजायचं, आकडा थोडा कमी निघाला तर दुरुस्ती पाठवायची. सगळे असंच करतात."

"मी नाही करत."

"तुला डॉक्टरेट हवी ना?"

"हवी."

"मग गुरुवारपर्यंत ऑस्त्राव्हाच्या माणसांसारखी वाग. कमी बोल."

ते गेले. बुटांतून वितळलेल्या बर्फाचे पाणी दारापर्यंत ठिपकत गेले.

ब्लांकाने त्या दिवशी प्रयोग केला नाही. भिंग पुसायचा कागद घडी करून चिमट्यात धरला, त्याला मद्यार्काचा एक थेंब लावला आणि कागद डोळ्यावर एकाच दिशेने, एकदाच ओढला. तो फेकला. नवा घेतला. दर वेळी नवा. अशा रीतीने पुसायचे असते, मित्रांनो. घाण परत फिरवायची नसते.

मग तिने आधी तगड्या झोतात मला तपासले. वजाबाकी शून्याजवळ आली, घसा मोकळा झाला. पुठ्ठा धरला. अंधाराची रेघ आपल्या जागी, सणसणीत वर. पेटी जुळवली, पुठ्ठा काढला.

रेघ खाली आली. नखाच्या जाडीएवढी.

पुठ्ठा धरला, वर. काढला, खाली. पुन्हा धरला, वर. पुन्हा काढला, खाली. खोटे असते तर इतके आज्ञाधारक नसते. मी आयुष्यभर खरखर ऐकली आहे. अंधाराहून शांत असे काही माझ्या दोन्ही डोळ्यांवर उतरते आहे, हे त्या दिवशी मला समजले, आणि काही काळ मला कोणाचीच किळस आली नाही. ब्लांका पुठ्ठा हातात धरून उभी होती. तिच्या एवढ्या वर्षांचे फळ नखाएवढे होते, आणि ते तिचे होते. भिंतीवरच्या चित्राने मात्र ते गिळले असते. इतका मोठा आकडा एकदा तिच्या नावावर चढला असता, तर हा लहान आकडा तिचे अपयश ठरला असता.

गुरुवारी समिती आली. पाहुण्यांसाठी दारात एक टोपली भरून सपाता असतात, शेकडो अनोळखी पायांनी घातलेल्या. त्या घालून ते आत आले. मिखाल्कांनी भिंतीपाशी उभे राहून चित्र समजावले. समितीत एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, व्हिएन्नाहून आलेल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आत्ता दिसेल का?"

"पेटी फार नाजूक आहे," मिखाल्का म्हणाले. "ट्राममुळे ढळते."

"दाखवते," ब्लांका म्हणाली.

मिखाल्का तिच्याकडे बघत राहिले. तिने पेटी जुळवली, पुठ्ठा धरला, काढला. नखाएवढी रेघ खाली. धरला, वर. बाईंनी पडद्याकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग परत पडद्याकडे.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "मग भिंतीवरचं काय आहे?"

"ते चुकीचं आहे. डिटेक्टरच्या एका डोळ्यावर डाग होता आणि तो तुंबला होता. त्या दिवशी मी पुठ्ठा धरून बघितलं नाही. बघायला हवं होतं."

 व्हित आपल्या सपातांकडे बघत होता. तेव्हा मिखाल्का हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. हो, त्याच हाताने.

"हाव्रानच्या काळातला डबा आहे, पाहुणेहो. खराब झालाय. मी कधीचा म्हणतोय काढून टाका. बिचाऱ्या मुलीला खराब वस्तू घेऊन काम करावं लागलं."

"डिटेक्टर खराब नाही," ब्लांका म्हणाली. "आत्ता तुम्ही पाहिलंत ते त्यानंच दाखवलं."

"भावना समजू शकतो," मिखाल्का म्हणाले आणि पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले.

त्यानंतर मी सगळीकडे खराब ठरलो. चित्र भिंतीवरून उतरले, ते डिटेक्टर खराब होता म्हणून. समितीने पैसे कमी दिले, तेही डिटेक्टर खराब होता म्हणून. ब्लांकाने नखाएवढा आकडा लिहून त्याखाली सही मागितली, तेव्हा मिखाल्का म्हणाले, इतक्या लहान आकड्यावर माझ्याकडे डॉक्टरेट मिळत नाही. तिने वाद घातला नाही. व्हिएन्नाच्या बाईंनी पोलंडमधल्या तोरून शहरातल्या एका प्रयोगशाळेशी तिची गाठ घालून दिली. तिथे तो आकडा चालणार होता, कारण तिथले लोक तो पुन्हा मोजून पाहणार होते.

एकदा खराब म्हटल्यावर मला टेबलावर ठेवणे मिखाल्कांना अवघड झाले. आमच्या मजल्यावर जिन्यापाशी एक फळी होती. टाकाऊ वस्तू तिथे ठेवत. ज्याला हवी त्याने न्यावी, अशी जुनी पद्धत. मला तिथे ठेवले. एका बाजूला गाळ साचलेले कॉफीचे यंत्र, दुसऱ्या बाजूला संगणकाचा कळफलक, ज्याच्या कळांखाली पावाच्या चुऱ्याचा एक अख्खा थर होता. झाकण लावलेले होते, एवढीच कृपा.

"साहेब, तो चालतो," व्हित एकदा जिन्यात हळूच म्हणाला. "निदान माझ्या कामाला—"

"खराब आहे. समितीसमोर सांगितलंय मी. आता टेबलावर दिसला तर काय सांगू?"

व्हित जिना उतरून गेला. त्याचा करार वाढला होता.

ब्लांका निघाली त्या दिवशी अंगात जाड कोट, पाठीवर पिशवी. ती फळीपाशी थांबली. झाकण उचलून दोन्ही डोळे पाहिले, झाकण लावले आणि मला उचलले. तेवढ्यात मिखाल्का जिना चढून आले.

"हे काय घेतलंस?"

"भंगार."

"तो इन्स्टिट्यूटचा..." त्यांनी माझ्याकडे हात केला आणि थांबले. माझ्यासारखा दुसरा त्यांच्याकडे नव्हता, आणि करणारे हाव्रानही आता तिथे नव्हते. हे त्यांना तेव्हाच आठवले असावे.

"काय, साहेब? चालतो का?"

 खालून कोणी तरी दार लावले. मिखाल्कांनी खिडकीकडे पाहिले.

"नाही," ते म्हणाले. "खराब आहे."

"मग नेते."

"ने."

तिने मला एका लोकरीच्या मोज्यात घातले आणि पिशवीच्या तळाशी ठेवले. लोकर, मित्रांनो. तंतूच तंतू, आणि मोजा धुतलेला असला तरी तो मोजाच. तोरूनपर्यंतचा सगळा प्रवास मी श्वास रोखून केला.

ह्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. तिथल्या लोकांनी ब्लांकाचा आकडा पुन्हा मोजला. तो नखाएवढाच निघाला, आणि त्यावर तिला डॉक्टरेट मिळाली. मी अजून तिच्या टेबलावर आहे. शाळेची मुले मला पाहायला येतात. ती जमिनीवर आखलेल्या फिक्कट पिवळ्या रेघेच्या मागे उभी राहतात, आणि बहुतेक सगळी नाकात बोट घालतात.

मी आता खरोखर जुना झालो आहे. माझ्यापुरती एक खरखर मला आहे, कोणताही प्रकाश नसताना, झाकण लावलेले असताना, माझ्याच तारांतून उठणारी. ती दर वर्षी थोडी वाढते. ब्लांका काम संपले की झाकण लावते आणि मला लगेच बंद करत नाही. आधी ती माझी खरखर मोजते. मग आपल्या निकालाशेजारी लिहिते, डिटेक्टरची स्वतःची एवढी, ती धरून आकडा एवढा. ती हे लपवत नाही आणि त्याचा गवगवाही करत नाही. एवढे केल्यामुळे मी अजून कामाचा आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना दया नको असते. आमच्यात जे बिघडले आहे ते मोजून सांगा, आणि जे बिघडलेले नाही त्याचा दोष आमच्या माथी मारू नका. आम्हाला पुसायचे असेल तर दर वेळी नवा कागद घ्या. आणि हात कितीही स्वच्छ धुतलेले असले, तरी कृपा करून बोटे लांब ठेवा.